पेशवे पार्कला जाण्याआधी

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास की रेंज गेली, यावर तुझ्या आईचं नि माझं अजून एकमत नाही. 'बाबा, ती मुलं आहेत, पॅसेंजर नाहीत,' एवढं मात्र नीट ऐकू आलं. म्हणून पत्र. हे मधेच कापता येत नाही.

मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरात काम मिळाल्याचं ऐकून बरंच वाटलं. मातीचे बैल, कागदाच्या होड्या, गोष्टी, सगळं तुला जमेल. क्वार्टरच्या ओट्यावर बारक्यांना ओळीने बसवून शाळा घ्यायचीस आणि बंड्याला दर वेळी नापास करायचीस. आता चार-पाच वर्षांची पोरं तुला 'ताई' म्हणतात, हे डेपोत जाऊन सांगून आलो. आईला सांगितलंय, पेन्शनच्या कामाला गेलो होतो.

पण ती पेशवे पार्कची सहल. तिथली छोटी आगगाडी फुलराणी १९५६ पासून चालतेय, तिची काळजी नाही. काळजी उतरण्याची. चढताना सगळेच मोजतात. उतरलं की पोरं झोक्यांकडे सुटतात, तेव्हा मोज. पाणी प्यायले की मोज. शू करून आले की मोज.

एसटीत पाच वर्षांखाली तिकीट नाही, म्हणजे कंडक्टरच्या वेबिलावर, तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, ते पोर नाहीच. तिकिटं जुळली तरी सीटखाली चिंचोके खेळणारं हिशेबात येत नाही. मूर्तिजापूरला एकदा गाडी सुटायच्या बेतात, तर खिडकीतून एक म्हातारी ओरडली. पोर रसवंतीपाशी उभं. एका पायात चप्पल, चरकाच्या घुंगरांकडे टक लावून. आईला वाटलं बापाकडे आहे, बापाला वाटलं आजीकडे. माणसं कमी असल्यानं नाही, जास्त असल्यानं पोर राहतं. तुम्ही तर दोन ताया आणि एक मावशी! कोणती पोरं कोणाची, ते निघायच्या आधीच वाटून घ्या.

आणि नुसता आकडा धरू नकोस. सुट्टीत बागेत लोकांचीही पोरं असतात, ती खुशाल रांगेत शिरतात. आकडा बरोबर भरतो आणि आपलं एक कमी असतं. नाव घेऊन मोज.

झालं माझं सुरू. माफ कर. तू पुण्यात एकटी राहून शिकतेस, खोली शोधलीस, आत्याकडे परत गेली नाहीस, आणि मी तुला मोजायला शिकवतोय.

उन्हाचं आईनं लिहायला सांगितलंय. इकडे पारा ४४ च्या वर आहे, शाळा जूनअखेरीशिवाय उघडत नाहीत. तुमचं ऊन आम्हाला ऊन वाटत नाही, पण खेळात रमलेलं पोर तहान लागल्याचं सांगत नाही. चेहरा लाल झाला, उगाच रडारड करायला लागलं, की सावलीत घे आणि घोट घोट पाणी दे. सगळ्यांना एकदम नळावर सोडू नकोस, तिथेही एखादं मागे राहतं.

बघ, पुन्हा तेच.

पहिल्या पैशातून आम्हाला काही घेऊ नकोस. स्वतःला चांगल्या चपला घे, दिवसभर उभं राहायचं काम आहे. सहल कोणत्या दिवशी ते कळव, आणि परत आलीस की कितीही वाजलेले असोत, फोन कर. मी आकडा विचारणार नाही. आई विचारेल.

तुझे बाबा