पिस्तूल मी निवडलं होतं

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पहिल्या पगारातून तुमचं पतपेढीचं कर्ज फेडू." कर्ज मार्चमध्येच फिटलं. तुझ्या नेमबाजीच्या पिस्तुलासाठी काढलेलं, त्यावर आईच्या ऑपरेशनचं चढलं, म्हणून इतकी वर्षं लागली. पण मला दुसरंच सांगायचंय, आणि ते फोनवर जमत नाही.

२०१७ साली तू १४ वर्षांची होतीस. शिवाजी पार्कला सावरकर स्मारकाच्या रेंजवर तुम्हा चौघांत मिळून एक रायफल होती. मी तुला सांगितलं, सर म्हणतात तुझा हात पिस्तुलाचा आहे. सर असं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "पोरगी रायफल घेऊन खांबासारखी उभी राहते, रायफलच द्या."

त्या रात्री मी डेपोच्या ड्युटी-पासच्या मागे हिशेब मांडला. परदेशी एअर रायफल दोन लाखांच्या आसपास. शिवाय जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह. ते कडक जॅकेट अंगाच्या मापाचंच लागतं, आणि तू तर तेव्हा दर सहा महिन्यांनी उंच होत होतीस. दोन वर्षांत सगळा संच नवा घ्यावा लागला असता. पिस्तुलाला यातलं काहीच लागत नाही. साधा टी-शर्ट आणि सपाट तळाचे बूट घालून पोर उभी राहू शकते. जुनं पिस्तूल ८० हजारांत मिळत होतं. मी पिस्तूल निवडलं आणि नाव सरांचं घेतलं.

तुला त्याचं काही वाटलं नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. पण मला एक संध्याकाळ आठवते. ती कुलाब्याची मुलगी जॅकेट घालत होती आणि तिला बकलं लागत नव्हती. तू पुढे होऊन एकेक बकल घट्ट ओढून लावून दिलंस. शेवटचं लावल्यावर तुझा हात त्या जॅकेटच्या कोपरावरच्या रबरावर तसाच राहिला. ती लेनवर निघून गेली तेव्हा कुठे तू हात खाली घेतलास. मी बाकड्यावर बसून सगळं बघत होतो.

मग मी तुला नावं सांगत सुटलो. मेरठजवळच्या शेतकऱ्याच्या मुलानं, सौरभ चौधरीनं, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत १६ व्या वर्षी एअर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, तेव्हा मी पेढे आणले होते, आठवतं? त्यातला अर्धा आनंद माझी निवड बरोबर ठरल्याचा होता.

रेंजवर इतकी वर्षं बसून मी हेच पाहिलं. कोण काय चालवतं आणि किती दिवस टिकतं, यात नोकरीचा आणि खिशाचा वाटा फार मोठा. स्वतःची रायफल घेऊन येणारे डॉक्टर रविवारी यायचे. त्यांच्याकडे पैसा होता, वेळ नव्हता. कॉलेजची मुलं एनसीसीत सरकारी रायफल आणि गोळ्या मिळतात तोवर जोरात असायची, पदवी झाली की दिसेनाशी व्हायची. रायफल नेमबाज अंजली भागवत मात्र मुंबईतच एनसीसीतून सुरुवात करून २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बघ. शिक्षकाचा मुलगा, २०१५ साली मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य. म्हणून नोकरी लागली की खेळ सुटतो, असं मला कुणी सांगू नये.

आपल्याकडे तर छर्‍यांवरसुद्धा पगाराची तारीख दिसायची. टिनमध्ये ५०० छर्रे. रोज शंभर झाडले तर पाच दिवसांत टिन रिकामा. महिनाअखेरीला तू न सांगता ड्राय प्रॅक्टिसवर यायचीस. स्वयंपाकघराच्या भिंतीवर काळा ठिपका चिकटवलेला, आणि तू मोरीच्या उंबऱ्याशी उभी. छर्रा नाही, नुसता ट्रिगरचा टक्क आवाज. आई भाकरी थापता थापता थांबायची, तुझा श्वास चुकू नये म्हणून. सरावाला देशी छर्रे आणि परदेशी टिन फक्त स्पर्धेच्या दिवसापुरता, हेही तूच ठरवलंस.

आता तू कमावतेस. हिंजवडीहून बालेवाडीची रेंज जवळ आहे. रायफल हातात घेऊन बघ. महिनाभर भाड्यानं मिळाली तर तशी, लगेच विकत घेऊ नकोस. आता तुझी उंची वाढायची नाही, जॅकेट एकदाच शिवावं लागेल. आणि पिस्तूलच तुझं आहे असं ठरलं, तरी या वेळी ते तू ठरवलेलं असेल. घरी पैसे पाठवायची घाई करू नको. माझी पेन्शन आणि आईची शिकवणी यात आमचं नीट भागतं. मी तुझ्याशी खोटं बोललो, त्याबद्दल मला माफ कर.

अजून एक. पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवर २०१५ साल कोरलेलं आहे. त्याची मुदत दहा वर्षांची असते, म्हणजे २०२५ मध्ये संपते. मुदत संपलेल्या सिलिंडरात २०० बार दाबाची हवा भरायची नाही, स्पर्धा असो वा सराव. तारीख बघून मला रात्री फोन कर. नवा सिलिंडर मी घेऊन ठेवतो आणि शनिवारी येताना आणतो.

तुझे,
बाबा
लालबाग