आडून बोललेले त्याला कळत नाही

संपादक महोदय,

स्किझोफ्रेनियावरचे बहुतेक लेख भास आणि संशयापाशी थांबतात. माझ्या धाकट्या भावाला ऐकू येणारे आवाज औषधांनी बंद झाले, तरी चार माणसांत वावरणे त्याला अजून जड जाते. त्याचे कारण घरच्यांना क्वचितच कोणी समजावून सांगतो.

समोरच्याच्या मनात काय चालले आहे, याचा अंदाज आपण सगळेच नकळत बांधत असतो. या आजारात अनेकांना तेच अवघड होते, असे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रिथ यांनी १९९२ मध्ये मांडले. पुढे १९९५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह रुग्णांना छोटे प्रसंग ऐकवले. त्यातल्या एकात नवरा बायकोला म्हणतो, ‘तो निळा शर्ट घालायचा होता, पण फार चुरगळलाय.’ इस्त्री करून हवी आहे, हे त्यात न बोलता सांगितलेले असते. रुग्णांना नेमके तेच हेरणे कठीण गेले.

माझे डोके दुखत असताना मी नुसते ‘डोकं ठणकतंय गं बाई’ म्हटले, तर भावाचा टीव्ही तसाच मोठ्याने चालू राहतो. ‘आवाज कमी कर, मला त्रास होतोय,’ असे म्हटले की तो लगेच बंदच करतो आणि पुन्हा पुन्हा येऊन विचारतो, ‘ताई, थांबलं का?’ अशा माणसाला नातेवाईक बेफिकीर, आपमतलबी म्हणतात, तेव्हा मला फार राग येतो. त्याला माया आहे. इशारा तेवढा पोहोचत नाही. कधी उलटेही होते. जिन्यात कोणी हसले, तर ते आपल्यालाच हसले असे त्याला वाटते. नसलेला हेतू दिसणे हीसुद्धा याच अडचणीची दुसरी बाजू.

लक्षणे ओसरल्यावरही ही अडचण बऱ्याच जणांत उरते, असे अनेक अभ्यासांचा २००७ मध्ये घेतलेला आढावा सांगतो. गोळ्यांचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. चेहरे व बोलण्याचा सूर ओळखणे, दुसऱ्याच्या हेतूबद्दल घाईने निष्कर्ष न काढणे, याचे गटात प्रशिक्षण देता येते आणि त्याचा उपयोगही होतो. पण औषधांच्या चिठ्ठीसोबत हे सांगणारे डॉक्टर आम्हाला फार उशिरा भेटले.

शुभंकरांसाठी, म्हणजे अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी, आपल्या पुरवणीत मानसोपचारतज्ज्ञांकडून या विषयावर सविस्तर लिहून घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एका शुभार्थीची (रुग्णाची) बहीण