पैसे एचडीचे, चित्र ५७६ चे

महोदय,

सोलापुरातल्या एका छापखान्यात मी एकतीस वर्षे काढली. आधी ब्लॉक, पुढे ऑफसेटच्या प्लेटा. सगळा जन्म ठिपके मोजण्यात गेला, म्हणून हे पत्र.

दिवाळीत आम्ही ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला. केबलवाल्याकडचा मुलगा आला, एचडी बॉक्स जोडला आणि चहालाही न थांबता गेला. आठ दिवसांनी सौ. म्हणाल्या, "अहो, या मालिकेतली सासू एवढी जाड कधी झाली?" बघतो तर सासूच काय, सूनही सुटलेली. मी आधी टीव्हीला बोल लावला, मग माझ्या मोतीबिंदूला.

दोष दोघांचाही नव्हता. मुलाने पिवळी-लाल-पांढरी जुनी वायर लावली होती आणि एचडीएमआयची वायर खोक्यात तशीच पिशवीबंद. जुन्या वायरीतून एचडी जातच नाही. वायर बदलली, तरी चित्र गढूळच. मग रिमोटने बॉक्सचा मेनू उघडला. तिथे रिझोल्यूशन (ठिपक्यांची संख्या) ५७६ आणि चित्राचा आकार ४:३, म्हणजे जुन्या चौकोनी टीव्हीचा. तोच रुंद पडद्यावर ताणला जाऊन सासू सुटली होती.

आता हिशोब बघा. ५७६ म्हणजे आडवे ७२० गुणिले उभे ५७६, एकूण ४,१४,७२० ठिपके. एचडी वाहिनीवरून येतात आडवे १९२० गुणिले उभे १०८०, म्हणजे २०,७३,६००. म्हणजे पाचातले चार ठिपके बॉक्स दारातच टाकून देत होता आणि उरलेल्या एकाला ताणून टीव्ही फोर-के पडद्यावरच्या ८२,९४,४०० जागा भरत होता. श्रद्धांजलीच्या जाहिरातीला लोक ओळखपत्रावरचा फोटो आणून "चार कॉलम करा" म्हणायचे, त्यातलाच प्रकार. फोटो मोठा होतो, नाकडोळे मात्र नव्याने उगवत नाहीत.

आपल्याकडच्या एचडी वाहिन्या सहसा १०८० आय या पद्धतीने येतात: आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या, सेकंदाला पन्नास वेळा. या ओळी विणून पूर्ण चित्र करण्याचे काम एकतर बॉक्स करतो, नाहीतर टीव्ही. बॉक्सवर १०८० आय ठेवले तर ते टीव्हीकडे जाते, १०८० पी (पूर्ण विणलेले चित्र) ठेवले तर बॉक्सकडे. नवे टीव्ही हे काम बहुधा बरे करतात. क्रिकेट लावून सीमारेषेकडे बघावे. जिथे ती करवतीसारखी दिसणार नाही, ते ठेवावे. आमच्याकडे १०८० आय जिंकले. मेनूतल्या ७२० ओळींच्या पर्यायाच्या वाटेला जाऊ नये. आकार १६:९, म्हणजे रुंद पडद्याचा, करावा. बातम्यांखालची पट्टी तरीही कापली जात असेल, तर ते टीव्हीच्या मेनूतले दुखणे. तिथे 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' अशा नावाची सोय असते. साध्या एसडी वाहिन्या यातल्या कशानेही सुधारत नाहीत. त्यात बॉक्सचा दोष नाही.

सोलापुरात हे बॉक्स सक्तीचे झाले २०१३ मध्ये. तेव्हापासून घरोघरी ते बसवले जातात, पण बसवणारा निघण्यापूर्वी हा मेनू उघडून दाखवत नाही. शेजारच्या तीन घरांत मी स्वतः जाऊन पाहिले, दोघांकडे ५७६. हप्ता मात्र दरमहा एचडीचा.

केबलच्या पावतीची मागची बाजू कोरीच असते. तिथे हे सगळे चार ओळींत मराठीत छापावे. मजकूर मी फुकट लावून देईन.

– एक निवृत्त छपाई कामगार, सोलापूर