रविवारची चर्चा: के. जी. सुब्रमण्यन (रिमाइंडर)

मंडळी, परत एकदा आठवण करून देते, रविवारी संध्याकाळी 6 ला ऑनलाइन भेटतोय, विषय चित्रकार के. जी. सुब्रमण्यन. लिंक शनिवारी रात्री टाकते, तोवर "लिंक कुठंय" असे मेसेज नकोत प्लीज.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: 1924 ला केरळात जन्म, मद्रासला इकॉनॉमिक्स, मग स्वातंत्र्य चळवळीत जेल आणि त्यामुळे सरकारी कॉलेजची दारं बंद, म्हणून 1944 ला शांतिनिकेतन, आणि 1951 पासून बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिकवणं. मधे हँडलूम बोर्डासाठी मुंबईत पण होते. 1980 ला परत शांतिनिकेतन, यावेळी प्राध्यापक म्हणून.

पण नुसतं पेंटिंगवर बोलत बसायचं नाहीये हं. मला जास्त इंटरेस्ट बडोद्याच्या फाइन आर्ट्स फेअरमधे आहे, म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी मिळून वस्तू बनवायचे आणि सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत विकायचे, आणि हा एवढा मोठा चित्रकार तिथे लाकूड, मणी, चामड्याचे तुकडे जोडून खेळणी करायचा! "कला लोकांपर्यंत" वगैरे भाषणं आपण सगळेच ठोकतो, इथे प्रत्यक्ष स्टॉल लागायचा. शिवाय शांतिनिकेतनच्या कला भवनातली (तिथला कला विभाग) त्यांची काळी-पांढरी भित्तिचित्रं, अख्खी इमारत बाहेरून भरलीये, फोटो आधी बघून या.

जे शाळेत चित्रकला शिकवतात त्यांनी मुलांनी केलेल्या एखाद्या वस्तूचा फोटो आणा. बोलायचं असेल तर शुक्रवारपर्यंत नाव कळवा, आणि माइक म्यूट ठेवा रे बाबांनो.