रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र : एहेगावच्या पुलावरून मालगाडी जाऊ द्या

मा. रेल्वेमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

कसाऱ्याला मालगाडीला बँकर इंजिनं, म्हणजे चढावर मागून ढकलणारी जादा इंजिनं, जोडली जातात, तेव्हा कुठे ती इगतपुरीकडे चढू लागते. चढ 1:37, म्हणजे 37 फूट पुढे सरकल्यावर 1 फूट वर. या चढावर, सुमारे 180 फूट खोल दरीवर, एहेगावचा पूल उभा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1865 मध्ये हा कसारा घाट खुला केला, त्या काळातला.

घाटात कमी चढाचे नवे मार्ग हवेत, बँकरची कटकट संपायला हवी, याबद्दल वाद नाही. काळजी जुन्या पुलाची आहे. गाड्या नव्या मार्गांवर वळल्या की त्याची पाहणी लांबते, सांध्यांत झाडं रुजतात आणि मग ‘धोकादायक’ असा शेरा पडतो. बोर घाटातला 1830 चा अमृतांजन पूल 2020 च्या टाळेबंदीत पाडला गेला. हळहळायलाही कोणी जमू शकलं नाही.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या डोंगराळ माळावर रिबलहेडचा 24 कमानींचा पूल आहे. 1875 मध्ये त्यावरून आधी मालगाड्याच धावल्या, प्रवाशांची पाळी पुढच्या वर्षी आली. 1980 च्या दशकात, दुरुस्ती परवडत नाही असं सांगून ब्रिटिश रेल्वेने अख्खा मार्गच बंद करायला काढला होता. 1985 मध्ये पुलावरच्या दोन मार्गांपैकी एक काढून भार कमी केला. चाचणीदाखल थोडी दुरुस्ती केली, तर खर्च अंदाजापेक्षा बराच कमी निघाला. 1989 मध्ये सरकारने बंदीचा प्रस्ताव फेटाळला. मालगाड्या आजही त्यावरून जातात.

जुनं बांधकाम आपोआप टिकतं असं माझं म्हणणं नाही. बोर घाटातला महू-की-मल्ली पूल बांधून काही वर्षंच झाली होती, तरी 1867 मध्ये कोसळला. म्हणूनच मागणी साधी आहे : नवे मार्ग सुरू होण्याआधी एहेगावच्या पुलाची तपासणी करून अहवाल जाहीर करावा. पूल सक्षम ठरला तर मुंबईकडे उतरणाऱ्या रिकाम्या मालगाड्या, वेग कमी ठेवून का होईना, त्यावरूनच सोडाव्यात. दगडी कामाच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरताना चुन्याचाच वापर व्हावा. सिमेंट फासलं की ओल आत कोंडते. आणि या देखभालीची तरतूद नव्या मार्गाच्या अंदाजपत्रकातच दाखवावी. नंतर स्वतंत्र निधी मागितला, तर तो मिळेपर्यंत पिंपळ पुरुषभर वाढलेला असेल.

कळावे,
एक रेल्वेप्रेमी प्रवासी