खालच्या कव्हरचे आठ बोल्ट

घाटंजी, जि. यवतमाळ
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

परवा फोनवर म्हणालास, "इंजिनाखालचं कव्हर लय खडखडते बे, काढून फेकून देतो." मी समजवायला लागलो की तू नुसता हाव हाव करतोस आणि फोन ठेवला की विसरतोस. म्हणून कागद घेतला. हा गाडीत ठेव.

फेकू नको. तू वरूडकडे संत्री भरायला बगीच्यापर्यंत गाडी नेतोस. कव्हर नसलं तर तो सारा चिखल बेल्टावर, अल्टरनेटरवर उडेल. आणि तुरीचा एखादा खुंट नेमका रेडिएटरच्या पायपाला भिडला, तर संत्र्यासकट वावरातच मुक्काम.

माझं काय झालं ते सांगतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पांदणीनं येत होतो. आपली काळी माती, ओली असताना सोडत नाही, वाळली की निघत नाही. कव्हर आणि इंजिनाच्या मधे टोपलंभर बसली होती. ते वजन आठ बोल्टांवर, वरून हादरे. समोरची कड लोंबली. एका गॅरेजवाल्यानं हवेच्या गननं पाच मिनिटांत सगळे बोल्ट करकचून दिले. मी खुश. पंधरा दिवसांनी पुन्हा खडखड, आणि या वेळी दोन बोल्ट नुसतेच फिरत होते.

मग स्वतःच बसलो. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नको, हे तुला आयटीआयवाल्याला काय सांगायचं, पण तू शिरतोस म्हणून सांगतो. चाकाला दगड, चेसिसखाली लाकडी ठोकळे, इंजिन थंड. माती आधी खरवडून काढली, तारेच्या ब्रशनं बोल्ट मोकळे केले, गंजाचं तेल मारलं आणि झोपायला गेलो. अर्धं काम त्या झोपेतच होतं.

सकाळी एका बोल्टाचं डोकं गोल झालेलं निघालं. तेराची गोटी, म्हणजे सॉकेट पाना, धरेना, तर बाराची हातोडीनं ठोकून बसवली. निघाला. दुसऱ्याचं दुखणं वेगळं होतं. आतल्या नटचं वेल्डिंगच तुटलेलं, बोल्टासोबत नटही फिरे. तिथं ग्राइंडर हाती घेणार होतो, पण डिझेलचा पाइप वीतभरावर. ठिणगी कुठं जाईल याचा नेम नाही. मग पोराला कव्हरच्या फटीत पहार घालून खाली दाबायला लावलं. ताण आला, नट आत अडकला आणि बोल्ट सुटला. पोरगं म्हणे, "बाबा, आता मले शंभर रुपये द्या." दिले.

आता ऐक, तू इथंच चुकशील. आटे गेले की आपण जरा जाडा पत्र्याचा स्क्रू घुसवतो. तो महिनाभर धरतो, पण भोक मोठं करून ठेवतो. आधी बघायचं की आटे बोल्टाचे गेले की ज्यात तो बसतो त्या नटचे. बोल्ट बाजारात मिळतो, नट चेसिसला चिकटलेला असतो. आटे नुसते चिखलानं, गंजानं भरले असतील तर टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवला की पुरे. सर सांगायचे तसं, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल लावून. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास.

आठ एमएमच्या नटचे आटे पार खाल्लेले होते. 8.5 चं ड्रिल मारून दहाचा टॅप केला, कव्हरचं भोकही तेवढं वाढवलं. नटची भिंत पातळ असेल तर मात्र हे करू नको, हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची तारेची गुंडाळी, आत बसवून घे. वेल्डिंग तुटलेल्या जागी आत हात जात नव्हता. तिथं जुना नट पाडला, पत्रा साफ केला आणि सहाचा रिव्हनट, म्हणजे बाहेरूनच पत्र्यात बसवायचा नट, बसवला, त्याला 9 एमएमचं भोक लागतं. सहाचा अशासाठी की तिथं भार कमी होता. बसवायची गन माझ्याजवळ नव्हती. लांब बोल्टावर नट आणि वायसर चढवून, ग्रीस लावून तो रिव्हनटात फिरवला. मग बोल्टाचं डोकं एका पान्यानं धरलं आणि दुसऱ्यानं नट आवळत गेलो. रिव्हनट आतून फुगतो आणि पत्रा धरतो. गन मिळाली तर गनच घे, माझे दोन तर वाया गेले.

कव्हरची भोकं फाटली होती. मोठे वायसर टाकले, पण भोकात बोल्टाला थोडी जागा ठेवली. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, प्लॅस्टिक पसरतं. घट्ट जखडलं तर तिथूनच तडकतं.

लावताना आधी आठही बोल्ट हातानं दोन-तीन आटे चढव, मगच पाना. दहाचा पाना लागतो त्या सहाच्या बोल्टाला खांद्यातला जोर लावू नको, 10 न्यूटन-मीटरच्या आसपास खूप झालं. गननं तर अजिबात नाही. आणि बोल्टाच्या डोक्यावरून कव्हरवर रंगाची एक रेघ ओढ. मी हिची नेलपॉलिश वापरली. दोन फेऱ्यांनी खाली वाकून बघितलं, रेघ सरळ असली म्हणजे बोल्ट हलला नाही. हिनं ती बाटली परत मागितली आहे, तुझ्यासाठी उरलेली नाही.

महिना झाला, कापसाच्या चार खेपा पांढरकवड्याला झाल्या, गाडी गप आहे. फक्त मागच्या एका क्लिपचा भरोसा नाही, ती मी तारेनं बांधली आहे. हसू नको.

वहिनीला नमस्कार सांग. बुवाजींचा गुडघा कसा आहे ते कळव. आणि दिवाळीला येशील तेव्हा माझा सहाचा टॅप घेऊन ये. आयटीआयच्या परीक्षेच्या दिवशी नेला होतास. गेल्या महिन्यात मला तो नवीन घ्यावा लागला.

तुझा,
दिन्या