कन्ना चौकापर्यंत सोबत करणाऱ्या अक्कांना

प्रिय अक्का,

नमस्कार. हे पत्र तुमच्या नातीच्या फोनवर पाठवते आहे, ती तुम्हाला वाचून दाखवेल. तुमची शाळा तेलुगू, तीही चौथीपर्यंतच, हे तुम्हीच मला सांगितलेलं. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "असूदे गं" म्हणता आणि जेवलीस का विचारता. म्हणून लिहून काढलं. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं, कारण गाडी चालवता येत नाही म्हणून घरात अडकून पडलेल्या बायका सोलापुरात पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

माझं काय झालं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. चाटी गल्लीत एका चादरीच्या पेढीवर मी हिशेब बघते. तिथंच एका दुपारी मला फिट आली. तपासण्या झाल्या, अपस्मार निघाला, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सगळ्यात आधी सांगितलं ते गाडी बंद करायला. कायदाही तेच सांगतो. लायसन्ससाठी जो फॉर्म भरून द्यावा लागतो त्यात अपस्मार आहे का, अचानक शुद्ध हरपते का, असं स्पष्ट विचारलेलं असतं, आणि तो असेल तर लायसन्स मिळत नाही. ते योग्यच आहे, रस्त्यावर दुसऱ्याचाही जीव असतो. आमच्याकडे चारचाकी कधी नव्हतीच. स्कूटी होती, ती धाकट्या दिरांना दिली.

पण सोलापुरात स्कूटी गेली की बाईचं सगळंच थांबतं. पोराची शाळा, भाजी, बँक, दवाखाना, माहेर, सगळं त्या दोन चाकांवर चाललेलं. ह्यांची एमआयडीसीत पाळी, ती दर आठवड्याला बदलती. रोज सोडणं-आणणं जमणार कसं? रोज स्वतंत्र रिक्षा करायची तर पगारातलं हातात काय राहणार? सासूबाई काळजीपोटीच म्हणाल्या, "सोड ती नोकरी, तब्येतीपेक्षा काय मोठं आहे?" त्यांचं मन मला कळत होतं. पण आयुष्यभर कुणीतरी नेईल तेव्हाच बाहेर पडायचं, हे मला त्या आजारापेक्षा जड वाटत होतं.

त्या दिवसांत मी सिटी बसनं जायला लागले आणि बसमध्येच तुम्ही भेटलात. शहराबाहेरच्या कुंभारीहून बसून आलेल्या, मांडीवर विड्यांची टोपली, टोपलीवर घट्ट बांधलेला टॉवेल. मी दांडी धरून उभी, प्रत्येक वळणाला धास्तावलेली. तुम्ही टोपली एका बाजूला घेऊन सरकलात आणि म्हणालात, "बस की गं. किती वेळ उभारतीस." कन्ना चौक येईपर्यंत तुम्ही माझं घर, नोकरी, आजार, गोळीची वेळ, सगळं विचारून घेतलंत. उतरताना म्हणालात, "रोज येणार म्हणतीस ना? मग सगळं नीट शिकून घे."

आणि खरोखर शिकवलंत. पाटी बघून चढायचं नाही, पाटी मागच्या फेरीचीच राहिलेली असू शकते, ड्रायव्हरला विचारायचं, "कन्ना चौक जातंय का?" सुट्टे पैसे घरून निघतानाच मुठीत. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा स्टॉपच्या पत्र्याखाली थांबायचं नाही, तो पत्रा वरून भाजतो. समोरच्या दुकानाच्या सावलीत थांबायचं. तुमचं वाक्य अजून कानात आहे, "बस दिसलं की पळायचं नाही, हात करायचं. थांबतंय." आणि दाराजवळची, कंडक्टरच्या नजरेतली जागा मिळाली तर ती सोडायची नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते वेगळंच. आपल्या अक्कलकोट रोडला बस कमी, म्हणून मी स्टॉपवर तासतास उभी राहत होते. तुम्ही सांगितलंत, अर्धा तास बघायचं, नाही आली तर सीटवरच्या, म्हणजे चार जणांत मिळून जायच्या रिक्षानं शांती चौकापर्यंतच जायचं, "तिथं सगळीकडचं बस मिळतंय." साधी गोष्ट वाटते, पण शहरात बसनं फिरायचं सगळं गणित यात आहे. गावाच्या टोकाला एखादाच मार्ग जातो, तिथं चुकली की गेली. आत जिथं तीन-चार रस्त्यांवरच्या बस एकत्र येतात तिथं वाट कमी बघावी लागते. म्हणून आधी असा चौक गाठायचा आणि मग पुढचं बघायचं. नणंदेच्या मुलीला केगावला विद्यापीठात घेऊन जायचं होतं तेव्हा मी आधी एसटी स्टँड गाठला आणि तिथून पुणे रोडची गाडी पकडली. जुळे सोलापूरला मावशीकडं जायचं तर आधी सात रस्ता. आता कुठलंही नवं ठिकाण निघालं की माझ्या डोक्यात घरापासूनचा रस्ता येतच नाही, आधी चौक येतो.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेच्या दिवसांत काय करायचं तेही तुम्हीच सांगितलंत. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्या दिवसांत मिरवणुकीचे रस्ते बंद असतात, बस कुठल्या कुठून वळतात आणि नवखा माणूस स्टॉपवर ताटकळतो. तुम्ही मला आदल्या दिवशीच बजावलंत, "उद्या आत कुठं जायचं नाही, बाहेरच उतर आणि चाल. आणि चालताना सिद्धरामेश्वराला हात जोड." मी तशीच गेले. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच काठ्या, हलग्या. स्कूटीवर असते तर गर्दी चुकवून पलीकडच्या बोळातून सटकले असते.

आता त्या दिवसाबद्दल. मला त्यातलं काही आठवत नाही. जे कळलं ते कंडक्टरांकडून आणि मागं बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीकडून. अशोक चौक ओलांडल्यावर मला बसमध्येच फिट आली. कुणी चप्पल काढून नाकाशी धरायला निघाला, कुणी किल्ल्यांचा जुडगा हातात कोंबत होता, एक जण दात उघडायला चमचा मागत होता. तुम्ही टोपली शेजारच्या बाईच्या हातात दिली आणि सगळ्यांना मागं सारलंत. मला कुशीवर वळवलंत, डोक्याखाली टॉवेल ठेवलात, हातपाय कुणाला दाबू दिले नाहीत, तोंडात काही घालू दिलं नाही. कंडक्टरांना घड्याळ बघायला सांगितलंत. पाच मिनिटांच्या पुढं गेलं तर बस थेट सिव्हिल हॉस्पिटलला न्यायची, असं ड्रायव्हरला सांगून ठेवलंत. त्याआधीच ती थांबली. मला जाग आली तेव्हा तुमचा हात माझ्या पाठीवर होता आणि तुम्ही तेलुगूत काहीतरी पुटपुटत होतात.

माझ्या डॉक्टरांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, यात बदलण्यासारखं काहीच नाही, अगदी असंच करायचं असतं. तुमच्या धाकट्या भावाला फिट यायच्या, त्याला सांभाळत तुम्ही हे शिकलात, हे मला नंतर समजलं. हे वाचणाऱ्या प्रत्येकानं एवढं मनात ठेवावं: कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोचणारं बाजूला करायचं, तोंडात काही नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत एकटं सोडायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ली यानं काहीही होत नाही.

तुम्ही मला सोडलं नाहीत. उलट्या दिशेच्या बसनं घरापर्यंत आलात. त्या दिवशी तुमच्या विड्या कारखान्यात पोचल्याच नाहीत. तुमची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. पानं भिजवायची, पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे, आणि एवढं करून चेकर छाट काढणार, म्हणजे नापास विड्या बाजूला टाकणार, ती वेगळी. माझ्यामुळं तुमचा तो दिवस गेला. मी पैशाचं काढलं तर तुम्ही टोपलीवर हात ठेवून म्हणालात, "विडी काय नासतंय का? उद्या देतो की." दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच बसमध्ये होतात, आणि माझ्यासाठी जागा धरलेली होती.

त्यानंतर तुम्ही एक केलंत, ज्याचं मोल मला सगळ्यांत जास्त वाटतं. मी लाजून दुसऱ्या वेळेच्या बसनं जायचं ठरवलं होतं, सगळ्यांनी मला तसं बघितलं म्हणून. तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणालात, "ज्यांनी बघितलंय त्यांच्यातच बस. त्यांना आता कळतंय काय करायचं." कंडक्टरांना, रोजच्या बायकांना तुम्ही माझ्यादेखत सांगितलंत, हिला कधीमधी फिट येते, घाबरायचं नाही, असं असं करायचं. आमच्या घरात हा आजार कुजबुजत बोलला जायचा. त्या बसमध्ये तो उघड झाला आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आता पर्समध्ये नाव, आजार, गोळी आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असते. गोळ्या वेळेवर घेते. सासूबाई आता मला स्टॉपपर्यंत सोडायला येत नाहीत, दारातूनच डबा देतात.

अक्का, तुमच्याबरोबर येता-जाता मला या शहराची एक बाजू दिसली, जी मी इथंच जन्मून बघितली नव्हती. तुमच्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली ती १०,००० घरं. पुढं त्याच कुंभारीच्या बाजूला रे नगर उभं राहिलं, ३०,००० घरांचं, त्यातल्या पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. यंत्रमागावरचे, विडीवरचे, कपडे शिवणारे, कचरा वेचणारे लोक स्वतःच्या घरात गेले. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे. पण घर शहराबाहेर आणि काम शहरात, तर त्या घराला बस हवीच. नळ आणि वीज जशी घराचा भाग असते तशीच बस. आपल्याकडं सिटी बस वर्षानुवर्षं कमी होत गेल्या. तुम्ही सांगायचात, पूर्वी मागोमाग गाड्या असायच्या, आता टोपली घेऊन उभं राहावं लागतं. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना हे जाणवत नाही. ज्या बाईची दिवसाची कमाई सीट रिक्षाच्या भाड्यात अर्धी होते तिला रोज जाणवतं. शहरात रस्ते, पूल, चौक यांवर बोललं जातं तेव्हा मला वाटतं, आधी कुंभारीच्या सकाळच्या बसमधल्या बायकांना विचारावं. सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडं आहे.

एका गोष्टीचे आभार राहिले. तुळजापूर. मी समजत होते की आता देवीला जायचं म्हणजे कुणाच्या तरी गाडीतून. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे मला पेपरातून माहीत होतं, पण निघण्याचं धाडस नव्हतं. तुम्ही म्हणालात, "चल गं, जेवायच्या आत परत येतो." आपण दोघी गेलो, दर्शन झालं, तुम्ही परडी भरलीत, मी ओटी. येताना खिडकीशी बसून तुम्ही कोजागिरीच्या चालत वारीच्या गोष्टी सांगितल्यात, लग्नाआधी रात्रभर चालत गेलेल्या. घरी पोचले तेव्हा पोरानं विचारलं, "कुणाच्या गाडीनं गेलीस?" मी म्हटलं, एसटीनं, अक्कांबरोबर. त्याच्या चेहऱ्यावर आईबद्दलचं जे कौतुक होतं, ते तुमच्यामुळं.

परवा कंडक्टर विचारत होते, अक्का दिसत नाहीत. गुडघे धरलेत म्हणून तुम्ही आता विड्या सुनेबरोबर पाठवता, हे मी त्यांना सांगितलं. नात म्हणाली की उजव्या डोळ्यानं अंधुक दिसतंय आणि सिव्हिलला दाखवायला जायचं तुम्ही पुढं ढकलताय. अक्का, येत्या सोमवारी मी रजा टाकते आहे. सकाळच्या पहिल्या बसनं उलट कुंभारीला येते, तिथून आपण दोघी शांती चौक आणि पुढं सिव्हिल. लवकर पोचलो तर केस पेपरची रांग लहान असते. आधीचे कागद आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ठेवायला नातीला सांगा. बीपीची गोळी चुकवू नका. सुट्टे पैसे मी आणते.

तुमची,
चाटी गल्लीची ताई